पांढरे रस्ते

मार्च महिन्यात प्राध्यापकाने रजा मागणे म्हणजे मंगलाष्टके सुरू असताना भटजींनी चहाला उठणे. परीक्षा तोंडावर आलेल्या, वेळापत्रक भिंतीवर लागलेले, आणि मी आमच्या प्राचार्यांपुढे अर्ज घेऊन उभा. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"कारण, धाकट्या बंधूंची सायकल शर्यत," ते म्हणाले. "बंधू कितवीत आहेत?"

"त्रेचाळिसावे लागले आहे," मी म्हणालो.

रजा मिळाली. ती मंजुरी कमी आणि सहानुभूती जास्त होती.

धाकटा बरीच वर्षे इटलीत आहे. तुरीन शहरात इंजिनियर आहे. नोकरी चांगली, संसार सुखाचा. व्यसन एकच, सायकलचे. तेही साध्या, सरळ डांबरी रस्त्यावरून फिरण्याचे नव्हे. त्याला खडीचे, मुरुमाचे, धुळीचे रस्ते लागतात. टस्कनी प्रांतात सिएना नावाचे जुने शहर आहे. त्याच्या भोवतालच्या टेकड्यांतून 'स्त्रादे बियांके' नावाची शर्यत निघते. नावाचा अर्थ पांढरे रस्ते. चुनखडीची पांढरट खडी आणि माती अंथरलेले, शेतांतून, द्राक्षमळ्यांतून जाणारे हे रस्ते आहेत. शनिवारी जगातले नामांकित सायकलपटू त्यावरून धावतात आणि दुसऱ्या दिवशी, पैसे भरून, धाकट्यासारखे हजारो हौशी लोक. त्याने मला तिकीट पाठवले आणि फोनवर एवढेच म्हणाला, "दादा, या वर्षी ये."

मी गेलो खरा. पण मनात अढी घेऊन गेलो. तिचे कारण सांगायला हवे.

आमचे गाव माणदेशात. गावापासून तालुक्याला जाणारा रस्ता अकरा किलोमीटर, मुरुमाचा. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामावर तो झाला. सारा मुलूख तेव्हा खडी फोडत होता. माझी आई चौदा वर्षांची होती, शेजारच्याच गावची. तिनेही याच रस्त्यावर खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि पुढे याच रस्त्याने लग्न होऊन आमच्या घरी आली. रस्त्याच्या एका वळणाशी आली की ती हसून म्हणायची, "हे माझं वळण. इथली खडी माझ्या हातची."

जुलै १९९१मध्ये एका रात्री आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. आतडे फुटले होते, हे नंतर कळले. अण्णांनी बैलगाडी जुंपवली. पाऊस लागला होता. गावाबाहेरच्या ओढ्यात गाडीचे चाक रुतले ते निघेना. पुढे डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता, आणि उजाडायच्या आत आई गेली. मी बारा वर्षांचा. साताऱ्याला मामाकडे शिकायला होतो. निरोप पोचून मी गावी आलो तेव्हा सारे आटोपले होते.

तेव्हापासून कच्च्या रस्त्याशी माझे वैर. कॉलेजात निबंध लिहिला तो त्यावर. पुढे व्याख्याने दिली ती त्यावर. प्राथमिक शिक्षक असलेल्या अण्णांनी निळ्या पुठ्ठ्याची एक फाईल केली आणि रस्ता पक्का व्हावा म्हणून अर्ज लिहायला घेतले. सुवाच्य अक्षर, 'आपला नम्र', खाली तारीख. पंधरा वर्षे ते अर्ज लिहीत होते. २००६ साली एकदाचे डांबर पडले. अण्णांनी त्या दिवशी फाईलला दोरा बांधला आणि ती आईच्या ट्रंकेत ठेवली.

आता सांगा, अशा घरातल्या माणसाला, पांढऱ्या धुळीतून सायकल हाकण्यासाठी माणसे पैसे भरतात हे ऐकून काय वाटावे?

फ्लॉरेन्सला धाकटा घ्यायला आला होता. "आधी आपल्या माणसाला भेटू," म्हणाला आणि मला कासीने नावाच्या लांबलचक बागेच्या टोकाला घेऊन गेला. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांचा तिथे संगम आहे. संगमाजवळ एक छत्री, आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज! इंग्लंडचा प्रवास करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विशीत, ते या शहरात वारले. या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली हे स्मारक उभे राहिले, आणि जवळच्या आधुनिक पुलाला लोक 'त्या हिंदी माणसाचा पूल' असेच म्हणतात. घरची वाट चालता चालता परक्या मुलखात सरलेला तो तरुण राजा पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. आमच्या घराण्याला गप्प होण्याची कला अवगत आहे. ती पुढे कामाला येईल.

शुक्रवारी त्याने मला मोटारीतून शर्यतीचा मार्ग दाखवला. खोटे कशाला बोलू, असा मुलूख मी पाहिला नव्हता. शाळेतल्या रंगपेटीत 'बर्न्ट सिएना' नावाची तांबूस वडी असे. ते नाव याच गावच्या मातीचे. पण सिएनाच्या दक्षिणेची माती तांबूस नाही, राखी आहे. चिकणमातीच्या बोडक्या टेकड्या, मार्चमध्ये त्यांच्यावर गव्हाची कोवळी हिरवळ, माथ्यावर एखादे दगडी घर आणि त्याच्याकडे जाणारी सुरूच्या झाडांची रांग. त्या साऱ्यातून तो पांढरा रस्ता, ओल्या स्लेटपाटीवर खडूने ओढलेल्या रेघेसारखा.

आणि दर चार मैलांवर इतिहास. बुओनकोन्वेन्तो हे तटबंदीचे टुमदार गाव. रोमला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाट इथूनच जाते. म्हणजे त्यांचीही एक वारीच. याच गावी १३१३ साली सम्राट सातवा हेन्री वारला. इटलीला एक करायला निघालेल्या त्या सम्राटावर महाकवी दान्तेने सारी आशा ठेवली होती. पुढे डोंगरावर मोन्ताल्चिनो. आज ते द्राक्षासवासाठी प्रसिद्ध आहे, पण १५५५ साली सिएनाचे प्रजासत्ताक शत्रूपुढे पडले तेव्हा हट्टी सिएनावासीयांनी याच किल्ल्यात चार वर्षे आपले राज्य चालू ठेवले. राजधानी गेली तरी राज्य न सोडणारी माणसे मराठी माणसाला आवडतातच. मला जिंजीची आठवण झाली. परतीच्या वाटेवर मोन्तापेर्तीची टेकडी लागली. तिथे ४ सप्टेंबर १२६० रोजी सिएनाने बलाढ्य फ्लॉरेन्सला धूळ चारली. तिथे सुरूंच्या घेऱ्यात दगडी पिरॅमिड आहे. पोरेसोरे त्याच्या पायरीवर बसून पाव खात होती.

या रस्त्यांची कथाही धाकट्याने ऐकवली. गेल्या शतकाच्या अखेरीस हे कच्चे रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले. तेव्हा ते वाचवावेत म्हणून गायोले गावच्या मंडळींनी १९९७ साली जुन्या पद्धतीच्या सायकलींची एक फेरी काढली. तिचे नाव 'ल'एरोइका', म्हणजे वीरांची. पहिल्या वर्षी ९२ स्वार आले. त्या फेरीच्या प्रेरणेतून २००७ साली ही मोठी शर्यत निघाली. २०१५पासून स्त्रियांचीही निघते. यंदा पुरुषांच्या २१३ किलोमीटरच्या मार्गात ऐंशीच्या वर किलोमीटर पांढरा रस्ता होता.

"म्हणजे आमचे अण्णा डांबर पडावे म्हणून अर्ज करत होते," मी म्हणालो, "आणि हे लोक पडू नये म्हणून."

धाकटा हसला. मग आम्ही मोन्ते सान्ते मारिये नावाच्या टप्प्याशी आलो. शर्यतीतला हा सर्वांत अवघड टप्पा. ही शर्यत तीनदा जिंकलेल्या फाबियान कान्सेलाराचे नाव त्याला दिले आहे. उतार-चढाव असे की मोटारीतही पाय आपोआप ब्रेक शोधू लागतात. धाकट्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून मूठभर खडी उचलली.

"साडेअकरा किलोमीटर आहे, दादा," तो म्हणाला. "आपल्या रस्त्याएवढा."

माझा तोल गेला. "अरे, पोट भरलेले असले म्हणजे धुळीत सौंदर्य दिसते! या लोकांच्या दारात दवाखान्याची गाडी येते. आई गेली ती असल्याच रस्त्यापायी. तुला त्याचा खेळ सुचतो?"

त्याने खडी खाली टाकली, हात झटकले आणि गाडीत बसला. सिएना येईपर्यंत कुणी बोलले नाही. सांगितले ना, कला अवगत आहे.

शनिवारी सकाळी मी एकटाच शहर पाहायला निघालो. पियाझ्झा देल काम्पो हा शंखशिंपल्यासारखा उतरता चौक; त्याचे विटांचे नऊ पट्टे हे एकेकाळी राज्य करणाऱ्या नऊजणांच्या मंडळाचे स्मरण. २ जुलै आणि १६ ऑगस्टला इथे मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या घोड्यांची शर्यत होते. चौकाच्या पायथ्याशी नगरसभेचा वाडा आणि चौदाव्या शतकातला उंच मनोरा. त्या वाड्यात, नऊजण जिथे बसत त्या दालनाच्या भिंतींवर, आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ साली चित्रे काढली. विषय, चांगले राज्य आणि वाईट राज्य, आणि दोहोंचे परिणाम.

मी चांगल्या राज्याच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होतो. त्यात देव नाहीत, लढाया नाहीत. शहराची वेस उघडी आहे, आणि वेशीतून एक रस्ता बाहेर पडला आहे, फिकट, पांढरट, कालच पाहिलेल्या टेकड्यांतून जाणारा. त्यावर माणसे आहेत. कुणी शिकारीला चालला आहे, कुणी ओझ्याची जनावरे हाकतो आहे, एक जण डुक्कर घेऊन बाजाराला निघाला आहे. वर आकाशात सुरक्षितता पंख पसरून उडते आहे. समोरच्या भिंतीवर वाईट राज्य. तिथेही वेस आहे, पण बाहेरच्या मुलखात भीती आहे आणि शेते ओसाड आहेत.

मला निळ्या पुठ्ठ्याची फाईल आठवली. अण्णा पंधरा वर्षे जे मागत होते ते डांबर नव्हतेच. ते हे होते. घरातून निघालेले माणूस निर्धास्त जावे आणि परत यावे. रस्त्यावर काय अंथरले आहे हा पुढचा प्रश्न. इथले पांढरे रस्ते पाहिले तर त्यांना बाजूने गटारे आहेत, त्यांच्यावर रूळ फिरतो, शेवटच्या घरापर्यंत टपालाची गाडी जाते. व्याकरणाच्या मास्तराला शोभेल असे सांगायचे तर, इथे रस्ता कच्चा 'ठेवलेला' आहे. आमच्याकडे तो कच्चा 'राहिला' होता. दोन क्रियापदे, पण मधल्या फटीत माझी आई गेली.

दुपारी मोठी शर्यत झाली. शेवटची चढण संत कॅथरीनच्या जुन्या घरावरून, दोन्ही बाजूंच्या उंच घरांच्या घळीतून काम्पोकडे चढते. लोक खिडक्यांतून थाळ्या वाजवत होते. स्लोव्हेनियाचा जगज्जेता तादेय पोगाचार शर्यत सुमारे पन्नास किलोमीटर उरली असताना उतारावर घसरून पडला होता. आणि गंमत अशी की पडला तो पांढऱ्या खडीवर नव्हे, डांबरी वळणावर! तसाच उठला, फाटक्या कपड्यांनी, खरचटलेल्या कोपराने पुढे गेला आणि जिंकला. माझ्या शेजारी धाकटा टाळ्या वाजवत नव्हता. तो त्या माणसाच्या कोपराकडे पाहत होता.

रविवारी धाकटा धावला. मी चौकात उन्हाला बसून राहिलो. तासांमागून तास माणसे येत होती, पांढरी झालेली, जणू गिरणीतून निघालेली. दुपारी तोही आला. भुवयांवर धूळ, दातांत धूळ. सायकल भिंतीला टेकवून माझ्या शेजारी विटांवर बसला. मी पाण्याची बाटली दिली.

काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी उगाच विचारले, "त्या टप्प्याला किती वेळ लागला?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "अडतीस मिनिटं." आणि थोड्या वेळाने, "त्या रात्री सव्वादोन तास लागले होते."

मला कळले नाही. खरेच कळले नाही.

"गाडी ओढ्यात रुतली ना," तो सांगू लागला. "अण्णांना आईपाशी थांबणं भाग होतं. गाडीवानाला सायकल येत नव्हती. अण्णांनी मला घरी पिटाळून सायकल आणवली आणि म्हणाले, डॉक्टरला घेऊन ये. सीटवरून पाय पोचत नव्हते. नळीखालून पाय घालून मारत होतो. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा चेन निघाली. अंधारात ती बसवता येईना, तेव्हा ढकलत नेली. आईच्या वळणापाशी उभा राहून रडलो थोडा वेळ. तेवढाही वेळ गेला."

"नऊ वर्षांचा होतास," मी म्हणालो.

"हो. पण सायकल टाकून पळत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो का, हे अजून कळत नाही. म्हणून असले रस्ते शोधतो. खेळ म्हणून नाही, दादा." तो हँडलवरची धूळ बोटाने पुसत होता. "किती वेळ लागला असं अण्णांनी कधी विचारलं नाही. तूही नाही. चौतीस वर्षांत आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

मी शब्दांवर पोट भरणारा माणूस. त्या रात्रीवर मी निबंध लिहिले, टाळ्या घेतल्या. त्या रात्री मी तिथे नव्हतो. जो होता त्याला एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता. कच्च्या रस्त्याचा राग माझ्याकडे होता, पण रस्ता त्याच्याकडे होता. मी त्याच्या धुळकट पाठीवर हात ठेवला. मनोऱ्यावरची घंटा वाजली. समोरून एक म्हातारा सायकलवाला आला आणि त्याच्या नातवंडांनी आरडाओरडा करून चौक डोक्यावर घेतला.

मे महिन्यात मी गावी गेलो. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कान मंद, स्मरण लख्ख. रात्री अंगणात खाटेवर बसलो असताना मी हळूच म्हणालो, "अण्णा, धाकट्याला त्या रात्री सव्वादोन तास लागले होते."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोर दारात उभं होतं, दोन्ही गुडघे फुटलेले, आणि तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, मास्तर, तासभर आधी आलो असतो तरी उपयोग नव्हता."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

अण्णा बराच वेळ चांदण्यात पाहत राहिले. "विषय काढला असता तर त्याला वाटलं असतं, बाप हिशेब मागतोय. म्हणून गप्प राहिलो. म्हटलं, विसरून जाईल."

मी तिथूनच, त्याच खाटेवरून, इटलीला फोन लावला आणि तो अण्णांच्या कानाशी धरला. ते काय बोलले ते सारे इथे लिहीत नाही. काही गोष्टी घरातच राहाव्यात. अण्णा शाळेत धडा समजावत तसे सावकाश बोलत होते, आणि 'तासभर आधी' हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

मग धाकट्याने मला मागितले. घसा खाकरून म्हणाला, "दादा, आपल्याकडे कुठं मुरुमाचा तुकडा उरलाय का रे?"

मी चौकशी केली. सारा रस्ता काळा झाला आहे. मात्र ओढ्यापलीकडच्या वस्तीला जाणारा दीडएक किलोमीटरचा फाटा अजून कच्चा आहे. तिथल्या लोकांनी अर्ज केला आहे. त्या अर्जाचा मजकूर अण्णांनीच लिहून दिला. अक्षर आता थोडे थरथरते, पण 'आपला नम्र' अजून तसेच वळणदार आहे.

या दिवाळीत धाकटा येतो आहे. डांबर पडायच्या आत एकदा त्या फाट्यावरून जायचे म्हणतो, अण्णांच्या जुन्या सायकलवरून. ती मी दुरुस्त करून घेतली आहे. नवी चेन बसवली आहे, आणि ती निघाली तर अंधारात कशी बसवायची, तेही सायकलवाल्याकडून शिकून ठेवले आहे.